चाके घडविणारा उपदेशक : आयझॅक मकॉय आणि त्याचे कुटुंब

मराठीच्या अध्यापकांना विल्यम कॅरे हे नाव नव्याने सांगावयास नको. इंग्लंडात जोडे शिवण्याचा धंदा करणारा हा बाप्टिस्ट उपदेशक बंगालमधील श्रीरामपूर येथे स्थायिक झाला, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात भाषा शिकवू लागला, आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. आपल्या वाङ्मयेतिहासांत हे सर्व नमूद आहे. तथापि याच कॅरेचे नाव १८२२ साली उत्तर अमेरिकेच्या अरण्यात, मिशिगन प्रदेशातील सेंट जोसेफ नदीच्या काठी, एका निवासी शाळेस देण्यात आले होते, ही गोष्ट आपल्याकडील चर्चेत सहसा येत नाही. ती शाळा स्थापन करणारा आयझॅक मकॉय हाही बाप्टिस्ट उपदेशक होता आणि तोही कारागीर होता. चाके घडविणाऱ्या सुताराचा धंदा त्याने केला होता.

कॅरेचे चरित्र आपण कृतज्ञतेने वाचतो. मकॉयचे चरित्र तितक्या निश्चिंत मनाने वाचता येत नाही. ज्या लोकांसाठी त्याने आपले आयुष्य वेचले, त्यांनाच देशोधडीस लावणाऱ्या धोरणाचा तो कट्टर पुरस्कर्ता झाला, आणि त्या धोरणाच्या अंमलबजावणीत त्याचे जवळचे आप्त गुंतले. सद्धेतू असलेल्या माणसाच्या हातून असे कसे घडले, हा या लेखाचा विषय होय. त्याचे उत्तर मकॉयच्या प्रवचनांत शोधण्यापेक्षा त्याच्या घराच्या इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम 'सरहद्द' या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. बेळगाव-निपाणीकडील वाचकांच्या मनात सीमा म्हटली की दोन राज्यांमध्ये आखलेली रेघ उभी राहील. अठराव्या शतकाच्या अखेरीस ओहायो नदीच्या खोऱ्यात जिला सरहद्द म्हणत, ती अशी स्थिर रेघ नव्हती. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या वस्तीची ती पुढे पुढे सरकणारी कड होती. तिच्या पलीकडे मायामी, डेलावेअर, शॉनी, पोटावाटोमी, ऑटावा इत्यादी जमातींची गावे, शेते आणि शिकारीची राने होती. दर काही वर्षांनी लढाई होई, मग तह होई, आणि प्रत्येक तहानंतर ही कड आणखी पश्चिमेस सरके.

या कडेवर मकॉय वाढला. १३ जून १७८४ रोजी पेनसिल्व्हेनियातील युनियनटाउनजवळ त्याचा जन्म झाला आणि बालपणीच त्याचे कुटुंब केंटकीत येऊन राहिले. त्याचा बाप विल्यम हाही बाप्टिस्ट उपदेशक होता. बाप्टिस्टांच्या मते बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या श्रद्धेने आणि पाण्यात पूर्ण बुडवून घ्यावयाचा असतो. त्यांची प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते आणि तिच्यावर बिशपाची सत्ता चालत नाही. आपल्यातील एखाद्याच्या अंगी उपदेशाचा गुण दिसला, तर मंडळीनेच त्यास परवाना द्यावा, असा त्यांचा परिपाठ. सरहद्दीवरील अशा उपदेशकास वेतन बहुधा मिळत नसे. आठवडाभर शेत नांगरून किंवा हातधंदा करून त्याने पोट भरावे आणि रविवारी प्रवचन सांगावे, अशी रीत होती. पुस्तकी विद्या थोडी, पण लोकांच्या जगण्याशी संबंध निकटचा, असा हा उपदेशकवर्ग होता.

१८०३ मध्ये मकॉयचा विवाह ख्रिस्तियाना पोक हिच्याशी झाला. या पोक घराण्याची हकिगत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १७८२ साली केंटकीतील एका लहानशा गढीवर मूळ रहिवाशांच्या योद्ध्यांनी हल्ला केला, तेव्हा ख्रिस्तियानाची आई डेलायला गरोदर होती. आपल्या लहान मुलांसह ती कैद झाली. तिला पायी उत्तरेस डेट्रॉइटपर्यंत नेण्यात आले आणि तेथेच ती बाळंत झाली. पुढच्या वर्षी पती चार्ल्स पोक याने जाऊन बायकामुलांना परत आणले. त्या बंदिवान मुलांत ख्रिस्तियानाचा थोरला भाऊ विल्यम पोक होता. त्याचे वय तेव्हा सातएक वर्षांचे असेल. पुढील कथेत हा विल्यम पोक पुन्हा येणार आहे. ज्या घराने असा बंदिवास भोगला, त्या घराने मूळ रहिवाशांचा जन्मभर द्वेष केला असता तर नवल नव्हते. ख्रिस्तियानाने उलट त्यांच्या मुलांना आपल्या स्वयंपाकघरात वाढविले.

विवाहानंतर हे जोडपे इंडियाना प्रदेशात आले. विन्सेन्स गावी मकॉयने काही काळ तुरुंगाची व्यवस्था पाहिली आणि चाके घडविण्याचे काम केले. १८०८ मध्ये सिल्व्हर क्रीक येथील मंडळीने त्यास उपदेशाचा परवाना दिला. १८१० मध्ये मारिया क्रीक येथील नव्या मंडळीचा तो दीक्षित पाळक झाला. तेथून आसपासच्या वस्त्यांत फिरताना मूळ रहिवाशांची जी दशा त्याच्या दृष्टीस पडे, तिने तो अस्वस्थ होऊ लागला. व्यापारी कातड्यांच्या मोबदल्यात व्हिस्की देत, तहाचे पैसे वाटावयाचे दिवस आले की पिपे घेऊन हजर होत, आणि दारूच्या अमलात भांडणे व खून होत.

याच सुमारास, १८१४ मध्ये, फिलाडेल्फिया येथे अमेरिकन बाप्टिस्टांचे अखिल देशीय मिशन मंडळ स्थापन झाले. त्याचा चिटणीस विल्यम स्टॉटन हा मूळचा इंग्रज होता. १७९२ साली केटरिंग येथे ज्या सभेत कॅरेच्या मिशनची स्थापना झाली, त्या सभेस तो विद्यार्थिदशेत उपस्थित होता. श्रीरामपूर आणि मिशिगन यांना जोडणारा धागा तो हाच. १८१७ मध्ये या मंडळाने मकॉयची नेमणूक केली. विरोध त्याच्या स्वतःच्याच पंथातून झाला. त्या भागातील डॅनियल पार्कर नावाच्या उपदेशकाने मिशन मंडळांविरुद्ध मोहीम उघडली. ईश्वराचे कार्य ईश्वर करील, त्यासाठी दूरच्या शहरांतील मंडळे आणि पैशाच्या थैल्या बायबलात सांगितलेल्या नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. ज्या मंडळ्यांत मकॉयने उपदेश केला होता, त्यांतच यावरून फूट पडली.

१८१८ मध्ये रकून क्रीक येथे त्याने पहिली शाळा काढली. ती फारशी चालली नाही. १८२० च्या मे महिन्यात तो सहकुटुंब फोर्ट वेन या लष्करी ठाण्याच्या गावी गेला. तेथील शाळेच्या आरंभीच्या पटावर दहा इंग्रज, सहा फ्रेंच, आठ मूळ रहिवाशांची आणि एक निग्रो अशी मुले होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. ही सारी व्यवस्था ख्रिस्तियानाच्या श्रमांवर उभी होती. विद्यार्थी घरातच राहत. त्यांचे जेवणखाण, कपडे आणि आजारपण तीच पाही. १८२१ च्या उन्हाळ्यात प्रसूतीसाठी माहेरच्या मुलखात जाताना तिने लहान मुलांना घेऊन उघड्या होडीतून वाबाश नदीच्या प्रवाहाने काही शे मैलांचा प्रवास केला. या दांपत्यास डझनाहून अधिक अपत्ये झाली. त्यांपैकी बहुतेक आईबापांच्या हयातीतच मृत्यू पावली, आणि काहींच्या मृत्युसमयी मकॉय दूर प्रवासात होता. राइस आणि जोसीफस हे वैद्यकीचे शिक्षण घेतलेले दोन मुलगे ऐन तारुण्यात गेले.

१८२१ च्या शिकागो येथील तहान्वये पोटावाटोमींनी मिशिगनमधील मोठा भूभाग सोडला. मोबदल्यात सरकारने त्यांच्यासाठी एक शिक्षक आणि एक लोहार पुरविण्याचे मान्य केले. या तरतुदीचा आधार घेऊन १८२२ च्या अखेरीस, भर हिवाळ्यात, मकॉय आपले बिऱ्हाड, विद्यार्थी आणि गुरेढोरे घेऊन सेंट जोसेफ नदीकाठी, आजच्या नाइल्स शहराजवळ, पोहोचला. येथील 'कॅरे मिशन' लवकरच नावारूपास आले. १८२३ मध्ये मेजर लाँग याच्या शोधमोहिमेतील मंडळी तेथे उतरली. चाळीस ते साठ मुले, लाकडी घरे, लोहारशाळा आणि मक्याची विस्तीर्ण शेते त्यांनी पाहिली. मुलगे लिहिणे-वाचणे व शेतकी शिकत, मुली सूत काढणे, विणणे व शिवणे शिकत. रॉबर्ट सिमरवेल हा लोहार तेथे शिक्षकाचेही काम करी. जॉन्स्टन लिकिन्स हा तरुण शिक्षक पुढे मकॉयचा जावई झाला, आणि १८२५ मध्ये जोथम मीकर हा मुद्रक येऊन मिळाला. ख्रिस्तियानाचा भाऊ विल्यम पोक हाही काही काळ तेथे शिकवीत होता. कारागीर, शिक्षक आणि आप्त यांचे हे एक एकत्र कुटुंबच होते.

परंतु ही शाळा उभी राहत असतानाच मकॉयच्या मनात तिच्याविषयी निराशा दाटू लागली. गोरी वस्ती जवळ येत होती आणि तिच्याबरोबर व्हिस्कीही येत होती. शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणास गोऱ्या समाजात मान नव्हता आणि स्वतःच्या गावी भविष्य नव्हते. १८२३ पासून तो एका योजनेचा विचार करू लागला. मिसिसिपीच्या पश्चिमेस, गोऱ्यांच्या वस्तीपासून दूर, सर्व जमातींसाठी कायमची भूमी राखून ठेवावी आणि तिथे त्यांनी आपले शासन उभारावे, अशी ती योजना. १८२४ च्या आरंभी वॉशिंग्टन येथे युद्धमंत्री कॅल्हून याच्यापुढे त्याने ती मांडली, आणि १८२७ मध्ये पुस्तिका लिहून प्रसिद्ध केली.

या योजनेचे दोन भाग होते, आणि सर्व पुढील इतिहास या दोन भागांच्या वेगवेगळ्या गतीत आहे. पहिला भाग म्हणजे स्थलांतर. दुसरा भाग म्हणजे नव्या भूमीची अढळ मालकी, स्वशासन आणि अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेत स्थान. पहिल्या भागाची जमिनीस हपापलेल्या राज्यांना निकड होती. २८ मे १८३० रोजी स्थलांतराचा कायदा मंजूर झाला, आणि मकॉयने त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. दुसऱ्या भागासाठी १८३४ मध्ये 'पश्चिम प्रदेशा'चे विधेयक आले, ते बाजूस ठेवण्यात आले. औषध आणि पथ्य मिळून जो उपचार त्याने सांगितला होता, त्यातील कडू औषध तेवढे रोग्याच्या घशात ओतले गेले.

त्या काळी दुसरे काही सुचणे शक्यच नव्हते, असे म्हणून मकॉयची बाजू सावरता येत नाही. बोस्टनच्या मिशन मंडळाचा चिटणीस जेरेमाया एव्हर्ट्स याने १८२९ मध्ये लेखमाला लिहून तहांची पवित्रता प्रतिपादली आणि स्थलांतरास कडाडून विरोध केला. चेरोकी जमातीने १८२७ मध्ये आपली लिखित राज्यघटना तयार केली होती आणि १८२८ पासून आपले वृत्तपत्र चालविले होते. आम्हांस काय हवे ते आम्ही सांगतो, असे म्हणणारे लोक त्या वेळी हयात होते. मकॉयने त्यांचे ऐकले नाही. ज्यांची दुर्दशा त्याने पाहिली होती, त्यांच्या वतीने त्याने स्वतःच निर्णय घेतला. त्याच्या दयेतील हे मोठे वैगुण्य होय.

दरम्यान कॅरे मिशनचेही दिवस भरले. सप्टेंबर १८२८ मध्ये पोटावाटोमींकडून आणखी भूमी घेणारा तह झाला, तो सेंट जोसेफकाठच्या या मिशनच्या ठिकाणीच. त्याच वर्षी मकॉय काही पोटावाटोमी व ऑटावा प्रतिनिधींना घेऊन पश्चिमेकडील भूमी पाहावयास गेला होता. १८३० नंतर त्याने हाती मोजणीची साखळी घेतली. सरकारच्या वतीने डेलावेअर व इतर जमातींच्या नव्या भूमीच्या हद्दी त्याने आखल्या. या मोजणीत त्याचा मुलगा जॉन कॅल्व्हिन त्याच्याबरोबर असे.

या पश्चिमेकडील काळात मकॉयच्या मंडळींकडून एक काम असे झाले, की भाषेच्या उपासकांनी त्याची नोंद घ्यावी. मकॉयच्या प्रयत्नांनी मीकरने आजच्या कॅन्सस राज्यातील शॉनी मिशनमध्ये १८३३-३४ च्या हिवाळ्यात छापखाना थाटला. त्या प्रदेशातील तो पहिला छापखाना. रोमन अक्षरांना त्या त्या भाषेतील ध्वनींची मूल्ये देऊन त्याने एक लेखनपद्धती सिद्ध केली आणि डेलावेअर, शॉनी, पोटावाटोमी, ऑटावा इत्यादी भाषांत प्रवेशिका व प्रार्थनापुस्तके छापली. फेब्रुवारी १८३५ मध्ये लिकिन्सच्या संपादकत्वाखाली 'शॉनी सूर्य' या अर्थाचे नाव असलेले, केवळ शॉनी भाषेतील नियतकालिक तेथून निघाले. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले होते, हे लक्षात घेता या दोन छोट्या पत्रांची जन्मवर्षे किती जवळची आहेत ते दिसून येईल.

आता विल्यम पोककडे वळू. इंडियानातील पोटावाटोमींत मेनोमिनी नावाचा एक प्रमुख होता. तो स्वतःही उपदेशक होता. दारू, चोरी आणि खून यांपासून दूर राहा, असे तो आपल्या लोकांना सांगे, आणि केलेल्या उपदेशांची गणती काठीवर खाचा पाडून ठेवी. १८२१ मध्ये तो मकॉयला भेटला आणि मकॉयही त्याच्या गावी जाऊन राहिला. पुढे मेनोमिनीने कॅथलिक पंथाचा स्वीकार केला. १८३६ च्या ज्या तहाने त्याच्या गावची भूमी विकली गेली, त्यावर त्याने सही केलेली नव्हती. तो गाव सोडावयास तयार होईना. ३० ऑगस्ट १८३८ रोजी जनरल जॉन टिप्टन याने स्वयंसेवक शिपायांसह येऊन प्रार्थनागृहाशी जमलेल्या लोकांना घेरले आणि मेनोमिनीला कैद केले. ४ सप्टेंबर रोजी साडेआठशेंहून अधिक माणसे बंदुकांच्या पहाऱ्यात पश्चिमेस निघाली. मेनोमिनी गाडीत बंदिवान होता. इलिनॉयच्या हद्दीत टिप्टनने हा तांडा ज्या सरकारी अधिकाऱ्याच्या स्वाधीन केला, तो विल्यम पोक होय. ४ नोव्हेंबरला, सुमारे ६६० मैल चालून, तांडा कॅन्सस प्रदेशातील ओसेज नदीकाठी पोहोचला. वाटेत चाळिसांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत मुलांचीच संख्या मोठी होती. कबूल केलेली घरे तेथे बांधलेली नव्हती. तांड्याबरोबर चाललेला तरुण फ्रेंच पाद्री बेंजामिन पेती परतीच्या वाटेवर सेंट लुई येथे १८३९ च्या फेब्रुवारीत वारला. मेनोमिनी १८४१ मध्ये वारला.

सातव्या वर्षी शत्रूच्या पहाऱ्यात आईबरोबर शेकडो मैल चाललेला मुलगा, वयाच्या साठीनंतर, दुसऱ्यांच्या आयांना आणि मुलांना शेकडो मैल चालवीत घेऊन गेला. पोक क्रूर नव्हता. आजाऱ्यांसाठी मुक्काम वाढविल्याच्या नोंदी त्या प्रवासाच्या रोजनिशीत आहेत. शाळेत शिकविणारा, कुटुंबवत्सल असा हा माणूस होता. असा माणूस हे काम करू शकला, यामुळे ते काम अधिक सुसह्य वाटू लागते, आणि अभ्यासकाने सावध व्हावयाचे ते येथेच.

मकॉयच्या वंशजांचा उत्कर्ष याच भूमीवर झाला. जॉन कॅल्व्हिन याने १८३३ मध्ये मिसूरीच्या पश्चिम हद्दीवर, सांता फेकडे जाणाऱ्या मार्गावर, दुकान घातले आणि १८३५ मध्ये तेथे वेस्टपोर्ट गावाची आखणी केली. शेजारच्या जमातींना मिळणारे सरकारी पैसे आणि पश्चिमेस निघालेले तांडे यांच्यावर त्या गावाचा व्यापार चाले. १८३८ मध्ये मिसूरी नदीकाठची जमीन विकत घेऊन नवे गाव वसविणाऱ्या मंडळींत तो होता. ते गाव म्हणजे आजचे कॅन्सस सिटी शहर. जावई लिकिन्स १८५४ मध्ये त्याच शहराचा महापौर झाला. बापाने मूळ रहिवाशांसाठी हद्द आखली आणि मुलाने त्या हद्दीलगत बाजारपेठ उभारली. दोघांच्या हाती मोजणीची साखळी एकच होती.

मकॉय स्वतः श्रीमंत झाला नाही. बोस्टनस्थित मंडळाशी त्याचे बिनसले. १८४० मध्ये त्याने बाप्टिस्ट मिशनांचा मोठा इतिहास लिहून प्रसिद्ध केला, १८४२ मध्ये केंटकीतील लुईव्हिल येथे मूळ रहिवाशांसाठी स्वतंत्र मिशन संस्था उभी केली, आणि तिचे काम करीत असतानाच २१ जून १८४६ रोजी तेथेच त्याचे निधन झाले. आपल्या योजनेचा शेवट त्यास पाहावा लागला नाही. १८५४ च्या मे महिन्यात शॉनी आणि डेलावेअर यांच्याकडून बहुतेक भूमी काढून घेण्यात आली, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेच्या कायद्याने कॅन्सस गोऱ्या वसाहतीस खुले झाले. ज्या भूमीस त्याने कायमची म्हटले होते, ती पुरती पंचवीस वर्षेही टिकली नाही. त्या जमातींपैकी बहुतेकांना पुन्हा उठून आजच्या ओक्लाहोमाकडे जावे लागले.

आमच्या मते अशा चरित्राचे अध्यापन करताना दोन मोह टाळावेत. कष्ट, दारिद्र्य आणि मुलांचे मृत्यू सांगून मकॉयला संत ठरविणे हा एक मोह. त्याचा त्याग खरा होता, पण त्यागामुळे निर्णय योग्य ठरत नाही. त्यास ढोंगी ठरवून मोकळे होणे हा दुसरा मोह. तो ढोंगी असता, तर त्याच्या चरित्रातून शिकण्यासारखे फारसे उरले नसते. त्याने दुःख डोळ्यांनी पाहिले होते, त्याचे कारणही पुष्कळसे ओळखले होते. दारू विकणाऱ्यास आणि जमीन बळकावणाऱ्यास आवरणे कठीण वाटले, तेव्हा पीडितांनाच हलविण्याचा मार्ग त्यास सोपा वाटला.

कॅरेच्या नावाशी आरंभ केला, म्हणून तुलनेचा एक मुद्दा सांगणे प्राप्त आहे. कॅरेने लिहिलेले मराठीचे व्याकरण मराठी लोकांच्या भूमीवर त्यांच्या हाती आले. त्यातील उणिवा पाहून १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांनी स्वतःचे व्याकरण सिद्ध केले, आणि पुढील वाद आपण आपल्याच घरात घातले. शॉनी भाषेतील ते पत्र १८४० च्या दशकात बंद पडले, आणि त्याच्या वाचकांना गाव बदलावे लागले. आज त्या पत्राचे अगदी थोडे अंक उपलब्ध आहेत. लिपी, छापखाना आणि शिक्षक ही तिन्ही साधने दोन्हीकडे होती. शॉनींच्या पायांखालची जमीन मात्र राहिली नाही.